आधी अंतरा पूर्ण कर

प्रिय,

तुझा निरोप रात्री दोनदा ऐकला. "मुखडा झाला की हात थांबतो. ३० सेकंदांपुढे कोण ऐकतंय?" म्हणालीस. म्हणजे गाण्याच्या सुरुवातीच्या ओळी, मुखडा, बांधून होतो आणि पुढचं कडवं, अंतरा, राहूनच जातो. आधी तुझा राग आला, मग माझाच.

माध्यम कलेला कापतं, ही तक्रार माझ्याकडे आणू नकोस. कापतंच. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या ग्रामोफोनच्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावायची. १९०२ मध्ये गायिका गौहर जान यांनी आपली ऐसपैस गायकी तेवढ्यात बसवली, वर शेवटी 'माय नेम इज गौहर जान' म्हणायलाही जागा काढली! पण त्यांच्यापाशी कापण्याजोगं काहीतरी होतं. तुझ्यापाशी काय आहे? अंतरा पूर्ण कर.

स्पॉटिफायवर गाणं ३० सेकंद वाजलं की एकदा ऐकलं म्हणून मोजतात. हा हिशेबाचा नियम. आपण मात्र तो चालीचा नियम करून टाकला. सुरुवातीचे वाद्यांचे तुकडे गळाले, कानात बसणारी ओळ, हुक लाइन, पुढे आली. आण ना पुढे. चांगला मुखडा पहिल्या ओळीतच धरतो, त्यात कमीपणा कसला? पण अंतरा पूर्ण कर.

मी बावीस वर्षं जाहिरातींना आणि मालिकांच्या शीर्षकगीतांना चाली दिल्या. त्याला कुणी हमाली म्हटलं तर आजही भांडतो. घर त्यावर चाललं. आणि दहा सेकंदांत चाल बांधणं ज्याला सोपं वाटतं, त्यानं बांधून दाखवावी. असो, पत्र तुझ्यासाठी आहे.

माझ्या वहीत १४० मुखडे आहेत. अंतरे अकरा. बाकीचे सवडीनं करू म्हणत राहिलो. गेल्या वर्षी सवड मिळाली, पेटी काढली, आणि अंतरा सुचेना. मुखड्यातून उठून तार षड्जाकडे, वरच्या 'सा'कडे, चढायचं कसं आणि फिरून समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर, यायचं कसं, ती वाटच बोटं विसरली होती. हे वेळेअभावी झालं असं मी सगळ्यांना सांगतो. तुला नाही सांगणार. कुणी मागत नव्हतं, म्हणून केलं नाही.

तुझा मुखडा छान आहे. दुसऱ्या ओळीतला कोमल निषाद, तो उतरलेला 'नी', तर मला दिवसभर सोडत नाहीये. व्हिडिओ टाकायचाय तर आजच टाक, मी अडवत नाही. पण तो निषाद तिथे लोंबकळत ठेवू नकोस. रविवारपर्यंत अंतरा पाठव. फसला असला तरी पाठव. नुसत्या पेटीवर चालेल.