पहिल्या सिनेमाआधीची सात वर्षं

प्रिय,

तुझी मेल वाचली, पटकथाही वाचली. पटकथेबद्दल शेवटी लिहितो, आधी जमिनीबद्दल. बाबांची जमीन विकून सिनेमा काढायचा विचार डोक्यातून काढून टाक. ते एका शब्दावर तयार झाले म्हणतेस, म्हणून तर मला जास्तच काळजी वाटते.

तुझं म्हणणं असं की फिल्म संस्थेतून बाहेर पडून दोन वर्षं झाली, मालिकेच्या सेटवर कंटिन्युइटी, म्हणजे एका शॉटमधलं पुढच्या शॉटमध्ये जुळतं का याच्या नोंदी, लिहिण्यात दिवस जातात, पटकथा घेऊन गेलं तर कुणी हिंग लावूनही विचारत नाही. आणि आदर्श म्हणून नाव घेतलंयस मल्याळम दिग्दर्शक अडूर गोपालकृष्णन यांचं. नाव घेतलंच आहेस तर त्यांचा हिशेब नीट बघ.

जन्म 1941चा, मध्य केरळातल्या अडूरजवळचा. घरात कथकलीला आश्रय, स्वतःला नाटकाचं वेड. तमिळनाडूत गांधीग्रामला शिकून ते सरकारच्या सांख्यिकी खात्यात चिकटले. तुझ्या बाबांच्या पिढीला विचार, अशी नोकरी कोण सोडतं? यांनी सोडली आणि 1962 साली पुण्याला आले. जुन्या प्रभात स्टुडिओच्या आवारात फिल्म इन्स्टिट्यूट नुकती कुठे सुरू झाली होती. यायचं कारणही सिनेमा नव्हतं. पटकथा शिकली तर नाटकं चांगली लिहिता येतील, असा त्यांचा सरळ हिशेब. लॉ कॉलेज रस्त्यावरच्या त्या आवारात पोरगा नाटकासाठी आला आणि सिनेमाचा होऊन गेला.

1965 साली ते बाहेर पडले. पहिला सिनेमा 'स्वयंवरम्' आला 1972 साली. मधली सात वर्षं आहेत ना, ती मला तुला दाखवायची आहेत. मुलाखतींत लोक त्यांना लांबलचक शॉट्सबद्दल विचारतात. या वर्षांत काय केलंत हे फार थोडे विचारतात.

त्या काळात मल्याळम सिनेमा बहुतांशी मद्रासच्या स्टुडिओंत बनायचा. हे मद्रासला जाऊन कुणाचे पाचवे सहायक झाले नाहीत. तिरुवनंतपुरमला परतले आणि कुळत्तूर भास्करन नायर वगैरे मित्रांबरोबर 'चित्रलेखा' ही फिल्म सोसायटी काढली, केरळातली पहिली. प्रिंट मिळवायची, हॉल ठरवायचा, वर्गण्या गोळा करायच्या, खेळ संपल्यावर लोकांना थांबवून बोलतं करायचं. हे काम किती कटकटीचं असतं ते आपल्याकडे प्रभात चित्र मंडळासारख्या फिल्म सोसायटीत राबलेल्या कुणालाही विचार. आपण जो सिनेमा करणार आहोत तो बघायला माणूसच नाही, तर आधी तो तयार करावा लागेल, हे पंचविशीतल्या मुलाला कळलं होतं. पुढे केरळात गावोगाव सोसायट्या उभ्या राहिल्या. आज तिथल्या महोत्सवात साधी माणसं इराणी सिनेमासाठी रांगा लावतात याचं आपल्याला नवल वाटतं, पण त्याची सुरुवात या वर्गणीच्या पावत्यांपासून झालेली आहे.

सोसायटीच्या जोडीला सिनेमा बनवणारी सहकारी संस्थाही काढली. सहकार म्हटलं की आपल्याला साखर कारखाना आणि दूध संघ आठवतो. यांनी सिनेमाचा सहकार केला. माहितीपटांची कामं घेतली आणि त्यांतून पैसा साठवला. सरकारच्या फिल्म फायनान्स कॉर्पोरेशनने त्यांचा आधीचा एक प्रस्ताव नाकारला होता. नंतर 'स्वयंवरम्'ला दीड लाखाचं कर्ज मिळालं, उरलेले लाखभर माहितीपटांच्या कमाईतले. घरच्या जमिनीचा यात कुठे संबंध येत नाही. सिनेमा आधी फारसा चाललाही नाही. राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट चित्रपट, दिग्दर्शन, अभिनेत्री शारदा आणि छायाचित्रणासाठी मंकडा रवी वर्मा असे चार मान मिळाले, मग पुन्हा लागला आणि लोक आले.

त्या रवी वर्मांनीच पुढे तीस वर्षं, 2002च्या 'निळलकुत्तु'पर्यंत, त्यांचा प्रत्येक कथापट टिपला. तुझ्या मेलमध्ये कॅमेऱ्यांची नावं तीन आहेत आणि कॅमेरामनचं एकही नाही, हे माझ्या नजरेतून सुटलेलं नाही.

आता शैलीकडे येतो. 'अडूरसारखा संथ सिनेमा' हे शब्द तुझे. संथपणा उचलणं सोपं असतं गं, कॅमेरा लावून ठेवला की झालं. 'एलिप्पत्तायम' (1981) पुन्हा बघ, या वेळी वही घेऊन. एलिप्पत्तायम म्हणजे उंदराचा पिंजरा. पडका जमीनदारी वाडा, त्यात उण्णी नावाचा आयतोबा आणि त्याच्या बहिणी. अंगणात गाय शिरून झाड खाते. हा उठून हाकलत नाही, आतल्या राजम्माला हाका मारत बसतो. एका समारंभाला कडक इस्त्रीचे पांढरे कपडे घालून निघतो, वाटेत चिखल लागतो आणि तो चक्क घरी परततो. सरंजामशाहीचा ऱ्हास वगैरे जे तू टिपणात पानभर लिहिलंयस ते त्या चिखलाच्या प्रसंगात एका वाक्याशिवाय आलंय. बहिणींच्या कपड्यांचे रंगही पाहा, राजम्माला निळा, श्रीदेवीला लाल. आणि श्रीदेवी उंदीर धरलेला पिंजरा नेऊन तळ्यात बुडवते त्या जागा लक्षात ठेव, कारण शेवटी गावकरी उण्णीला उचलून त्याच तळ्यात टाकतात. यात संथ काय आहे? एकेक गोष्ट जागच्या जागी ठोकून बसवलेली आहे.

दुसरा बघ 'मतिलुकळ'. मल्याळम लेखक वैकम मुहम्मद बशीर यांच्या कथेवरचा, मामुटी बशीरच्या भूमिकेत. तुरुंगाची भिंत, पलीकडे बायकांचा तुरुंग, तिथली नारायणी. ती आली की वाळकी काटकी भिंतीवरून वर फेकते, एवढीच खूण. ती आपल्याला एकदाही दिसत नाही, फक्त अभिनेत्री केपीएसी ललितांचा आवाज ऐकू येतो. तुझ्या पटकथेत नायिकेचे सहा फ्लॅशबॅक आहेत.

पैशाबद्दल अजून एक. 'एलिप्पत्तायम'चे निर्माते के. रवींद्रनाथन नायर, कोल्लमचे काजूचे व्यापारी. त्यांनी अडूरचे चार सिनेमे केले आणि दुसरे मल्याळम दिग्दर्शक अरविंदन यांचे पाच. असा माणूस नशिबाने भेटतो हे खरं, पण 1981 साली भेटला तेव्हा अडूर यांच्यामागे दोन सिनेमे, एक संस्था आणि हिशेबाच्या वह्या होत्या. 1972 ते 2016 या काळात त्यांनी कथापट केले बारा. मधल्या वर्षांत माहितीपट चालूच होते, कुडियाट्टम या केरळातल्या संस्कृत नाट्यप्रकारावर, कथकलीच्या कलावंतांवर. हात रिकामा ठेवला नाही.

आणि हो, माणसाला देव्हाऱ्यात बसवू नकोस. कोट्टयमच्या के. आर. नारायणन फिल्म संस्थेत विद्यार्थी जातिभेदाच्या तक्रारीवरून संपावर गेले, तेव्हा हे संस्थेचे अध्यक्ष होते आणि त्यांनी संचालकांची बाजू घेतली. 2023मध्ये राजीनामा दिला. 2025 साली स्त्रिया आणि दलित-आदिवासी दिग्दर्शकांना मिळणाऱ्या सरकारी पैशाबद्दल ते जे बोलले त्यावर केरळात गदारोळ झाला. मला ते बोलणं पटलं नाही. सरकारच्याच कर्जावर ज्याचा पहिला सिनेमा उभा राहिला त्याने तरी नव्या माणसाच्या हातातल्या पैशाकडे संशयाने बघू नये. तू मुलगी आहेस आणि उद्या अशाच एखाद्या योजनेत अर्ज करणार आहेस, म्हणून हे मुद्दाम लिहिलं. 'एलिप्पत्तायम' त्याने लहान होत नाही.

तर कामाचं. मालिका सोडू नकोस, पगार येऊ दे. तुमच्या तालुक्याच्या वाचनालयात प्रोजेक्टर आहे असं तूच म्हणालीस. महिन्याला एक सिनेमा लाव, दहा माणसं आली तरी लाव. नंतर ती काय बोलतात ते ऐक, तू कमी बोल. पेरणीवर आणि बाजार समितीवर एकेक छोटा माहितीपट कर, त्यात आवाज नीट घे, चित्र थोडं इकडेतिकडे झालं तरी चालेल. बरोबर काम करणारी दोन माणसं शोध, जी पुढची दहा वर्षं तुझ्याशी भांडतील.

पटकथेत आजी जाते तिथे तू पाऊस घातलायस. पाऊस म्हणजे टँकर, पाइप, माणसं आणि अर्धा दिवस. तो काढ, प्रसंग सुनेच्या स्वयंपाकघरात ने. दुसऱ्या भागातले चार फ्लॅशबॅकही जाऊ देत. येत्या सुट्टीला पुण्याला ये आणि छापील प्रत घेऊन ये, मला फोनवर वाचवत नाही. बाबांना नमस्कार सांग, आणि सातबारा कपाटात ठेवायला सांग.

तुझा,
सर