कापूस वेचून नखांच्या कडा फाटल्यात, घरच्या घरी मॅनिक्युअर कसं करू?

ताई, तुम्ही लिहिलंय की परभणीकडं तुमच्या शेतात कापसाची वेचणी चालू आहे, बोटं फाटलीत, पंधरा दिवसांवर बहिणीचं लग्न आलंय आणि पार्लरला जाणं जमणार नाही. घरी सगळं होतं. पंधरा दिवस हाताशी आहेत हे तर फारच चांगलं.

मी लातूरला पार्लर चालवते. थंडीच्या दिवसांत माझ्याकडं येणारे हात असेच असतात. वाळलेल्या बोंडाची टोकं टोचून नखाच्या कडंची कातडी सुटलेली, त्यात बोअरचं जड पाणी, भांड्याचा साबण आणि कोरडं वारं. म्हणून नेलपॉलिशचा विचार शेवटी करा. आधी नखाभोवतीची कातडी भरून येऊ द्या.

नखाच्या मुळाशी पातळ कातडीची पट्टी असते, तिला क्यूटिकल म्हणतात. ती कापू नका, पार्लरात कुणी कापत असेल तर तिथंही नको म्हणा. नख आणि मांस यांच्यातली फट ती बंद ठेवते. ती कापली आणि हात शेणात, मातीत, खरकट्यात गेला की जंतू आत शिरतात. मग नखुरडं होतं, बोट सुजून रात्रभर ठणकतं. "ताई, बोट लई ठसठसायलंय" असं म्हणत येणाऱ्यांची क्यूटिकल बहुतेक वेळा कुणीतरी कापलेली किंवा ओढलेली असते. पू दिसला तर घरी सुई लावू नका, डॉक्टरकडं जा. शुगर असलेल्यांनी तर थांबूच नये.

आता रोजचं काम. रात्री भांडी झाली की हात कोरडे करून प्रत्येक नखाच्या मुळाशी तेलाचा एक थेंब जिरवा. थंडीत खोबरेल थिजतं, त्यामुळं घरात करडीचं तेल असेल तर तेच घ्या. वरून व्हॅसलिन लावून जुने सुती मोजे हातात घालून झोपा. वेचणीला जाताना मेडिकलमधली कापडी चिकटपट्टी बोटांच्या टोकांना गुंडाळा, नाहीतर रात्री भरलेलं दिवसा पुन्हा फाटेल.

मॅनिक्युअर लग्नाच्या दोन-तीन दिवस आधी करा. नखं कापणं आणि घासणं कोरड्या हातानं, भिजवण्याआधी. नख पाणी शोषून फुगतं आणि मऊ पडतं, तेव्हा घासलं तर टोकाला थर सुटतात. नेलकटरमधली लोखंडी पट्टी फार खरबरीत असते, स्टेशनरीत किंवा कटलरीच्या दुकानात नखं घासायची 240 नंबरची फाइल मागा. कडेकडून मध्याकडं, एकाच दिशेनं हलक्या हातानं चालवा. नखं कामाच्या हाताला शोभतील इतकी बुटकी ठेवा, लांब नख कापसात अडकून मुळातून उचकटतं.

मग कोमट पाण्यात थोडा शाम्पू टाकून पाचेक मिनिटं बोटं बुडवा, जास्त नको. टॉवेलात अंगठा गुंडाळून क्यूटिकल हळूच मागं सारा. सुटलेली कातडी ओढायची नाही. नेलकटर गरम पाण्यानं धुऊन तेवढंच मेलेलं टोक कापा. साखर-तेलाचं स्क्रब चालेल, पण चिरा बुजलेल्या असतील तरच. लिंबू मात्र नको, फाटलेल्या कातडीला झोंबतं आणि ती आणखी कोरडी पडते. हळदीचा पिवळा डाग उन्हात आपोआप फिका होतो, त्यासाठी नख खरवडायची गरजच नाही.

नखं जवळून बघताना एक पाहून ठेवा. मधून चमच्यासारखी खोलगट झाली असतील तर अंगात लोह कमी असू शकतं. आरोग्य केंद्रात हिमोग्लोबिन तपासून घ्या, त्यावर कुठलंही तेल चालत नाही.

मेंदीचा क्रम सगळ्यात जास्त चुकतो. मॅनिक्युअर आधी, मेंदी नंतर. उलटं केलं तर भिजवून, घासून रंग उतरतो. मेंदीच्या दिवशी हाताला तेल-क्रीम काही नको, साबणानं धुवा. कातडीवरची मेंदी दोन-तीन आठवड्यांत जाते, पण नखावरची नख वाढेपर्यंत राहते. नख महिन्याला साधारण 3 मिलिमीटर वाढतं, म्हणजे पूर्ण बदलायला सहाएक महिने. नखं रंगायला नको असतील तर आधी त्यांवर पारदर्शक नेलपॉलिशचा हात द्या. मेंदी काढल्यावर रिमूव्हरच्या छोट्या बोळ्यानं फक्त नखापुरतं पुसा. हे चुलीपासून लांब बसून करा, रिमूव्हर पटकन पेट घेतं. आणि झटपट काळी होणारी मेंदी घेऊच नका, तिच्यातल्या रसायनानं हातावर फोड येतात.

शेवटी नेलपॉलिश. रंग लावताना नखावर तेलाचा अंश नको, नाहीतर तो पापुद्र्यासारखा सुटेल. आधी बेस कोट म्हणजे रंगाखालचा पारदर्शक हात, मग रंगाचे दोन पातळ हात, मध्ये दोन-तीन मिनिटं थांबून, शेवटी टॉप कोट म्हणजे रंगावरचा पारदर्शक हात. ब्रश नखाच्या टोकाच्या कडेवरूनही फिरवा, रंग तिथूनच आधी उडतो. वरून वाळलेला वाटला तरी आतून पक्का व्हायला काही तास लागतात. म्हणून रात्रीची जेवणं उरकल्यावरच लावा आणि त्या दिवशी भाकरी थापायला, भांडी घासायला घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी सांगा.