सुऱ्या-विळे बनवायला जुना बेल्ट ग्राइंडर घेतोय, घेताना काय काय पाहू?

दादा, तुम्ही विचारलंय की दारव्ह्याकडे तुमचं गाव आहे, घरीच सुऱ्या आणि विळे बनवायचे आहेत, भंडाऱ्याला भांडी पॉलिश करणारा एक कारखाना बंद पडला आणि तिथला २ एचपी थ्री फेज बेल्ट ग्राइंडर २४ हजारांत मिळतोय, तर घ्यावा का. मी हिंगणघाटजवळच्या खेड्यात ८ वर्षांपासून हेच काम करतो आणि आजवर घेतलेली दोन्ही मशीनं जुनीच होती. पहिल्या वेळी चांगलाच फटका बसला, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

घ्यायला हरकत नाही. पण घासायच्या पट्ट्याचं माप आणि तुमच्या घरची लाईट, या दोन गोष्टी जुळल्या तरच. बाकी बहुतेक सगळं दुरुस्त होतं. बेअरिंग तालुक्याला मिळतं, मोटर भरून मिळते, चाक लेथवाला नवं करून देतो. पट्टाच मिळाला नाही तर मशीन कितीही चांगलं असलं तरी गोठ्यात पडून राहतं.

माझं तसंच झालं. पहिलं मशीन पाहायला गेलो तेव्हा मोटर एकदम गुळगुळीत चालत होती. तेवढ्यावर भाळून पैसे मोजले. घरी आणल्यावर कळलं, कुणीतरी स्वतःच्या सोयीने बनवलेली फ्रेम आहे आणि तिला लागणाऱ्या लांबीचा पट्टा कुठल्याच दुकानात तयार मिळत नाही. पट्टे जोडून देणारे असतात, हव्या त्या मापाचा करून देतात, पण एक-दोन नगांसाठी कोणी हात लावत नाही. मला एकाच नंबरचे, म्हणजे एकाच जाडीच्या दाण्याचे, २० घ्यावे लागले. लागत होते चार वेगवेगळ्या नंबरचे. त्यातल्या निम्म्या पट्ट्यांचे जोड पावसाळ्यात सुटले. आमच्या गावच्या लोहारकाकांनी ते पट्टे हातात घेऊन पाहिले आणि एवढंच म्हणाले, "बापू, पयले पट्टा पाहा लागते, मंग मशीन."

तर जाताना सुतळीचा तुकडा आणि टेप सोबत न्या. पट्टा उतरवा, ताण देणारी स्प्रिंग अर्धी दाबून धरा आणि सगळ्या चाकांवरून सुतळी फिरवून मोजा. १८३० मिलीमीटरच्या आसपास आलं आणि चाकं ५० मिलीमीटर रुंदीची असली तर उत्तम. हेच २ बाय ७२ इंचाचं माप, सुरी बनवणारे जगभर हेच वापरतात, त्यामुळे यात साध्या अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडपासून झिर्कोनिया, सिरॅमिकपर्यंत सगळ्या दाण्यांचे पट्टे मिळतात. भांड्यांच्या कामाची मशीनं बरेचदा ७५ किंवा १०० मिलीमीटर रुंदीची असतात. रुंद पट्ट्यावर सरळ पातं घासायला मजा येते, पण सुरीच्या मुठीजवळ जिथे पात्याचा धारेकडचा उतार संपतो तिथे तो अडतो, आणि पट्टा महागही पडतो. लांबी थोडी कमी-जास्त असेल आणि वरचं चाक चौकोनी पाइपात सरकणाऱ्या दांड्यावर असेल तर घाबरू नका. वेल्डिंगवाला तो दांडा लांब-आखूड करून देतो.

आता लाईट. थ्री फेज मोटर गावठाणाच्या सिंगल फेजवर तशीच लावली तर चालणार नाही. शेतातल्या पंपाला थ्री फेज असते, ती पाळीने येते, कधी दिवसा तर कधी रात्री. ती वापरायचा विचार मनात असेल तर काढून टाका. शेतीच्या कनेक्शनवर धंद्याचं मशीन लावणं हा वीज कायदा २००३ च्या कलम १२६ प्रमाणे अनधिकृत वापर ठरतो आणि त्याचं बिल पुढे जड जातं.

बरा मार्ग म्हणजे व्हीएफडी, दुकानात नुसतं 'ड्राइव्ह' म्हणतात. सिंगल फेज आत घेतो आणि २३० व्होल्टची थ्री फेज बाहेर देतो. घेताना सिंगल फेज इनपुटचाच आहे ना आणि २ एचपीला पुरतो ना, हे विचारून घ्या. पण इथे बरेच जण चुकतात, म्हणून नीट वाचा. मोटरच्या नेमप्लेटवर काय लिहिलंय ते पाहा. या आकाराच्या मोटरवर बहुतेक वेळा ४१५ व्होल्ट, स्टार असं असतं. स्टार आणि डेल्टा म्हणजे मोटरच्या आतल्या वायंडिंगची टोकं जोडायच्या दोन पद्धती. टर्मिनल बॉक्सचं झाकण उघडा. आत वायरची सहा टोकं आणि त्यांना जोडणाऱ्या पितळी पट्ट्या दिसल्या तर काम सोपं आहे. पट्ट्या बदलून डेल्टा केली की तीच मोटर २४० व्होल्टवर पूर्ण जोराने चालते. तीनच टोकं असतील तर स्टारची गाठ आत वायंडिंगमध्ये आहे. ती मोटर भरणाऱ्याकडून बाहेर काढून घ्यावी लागेल, तो खर्च सौद्यात धरा. आणि प्लेटवर ४१५ डेल्टा लिहिलं असेल तर या ड्राइव्हवर तिला जोर येणार नाही, पातं टेकवलं की बसेल. जोडणी मात्र जाणकार वायरमनकडूनच करून घ्या आणि अर्थिंग नीट असू द्या.

ड्राइव्हचा मोठा फायदा वेगाचा आहे, बटण फिरवून तो कमी-जास्त करता येतो. पट्ट्याचा वेग काढणं सोपं आहे: चालवणाऱ्या चाकाचा व्यास गुणिले ३.१४ गुणिले मोटरचे मिनिटाचे फेरे. २८८० फेऱ्यांची मोटर आणि १०० मिलीमीटरचं चाक असेल तर मिनिटाला ९०० मीटर, म्हणजे सेकंदाला १५ मीटर. भांड्यांच्या मशीनला मी २०० मिलीमीटरचं चाकही पाहिलंय, त्यावर हाच वेग ३० मीटर होतो. नव्या हाताला हा वेग फार. पाणी दिलेलं, म्हणजे तापवून एकदम थंड करून कडक केलेलं, पातं अशा पट्ट्यावर दोन सेकंद जास्त टेकलं की धारेवर आधी गवती पिवळा रंग येतो, मग जांभळा, मग निळा. निळा म्हणजे तिथलं तापमान ३०० अंशांच्या आसपास गेलं. आपण २०० अंशांना पाणी उतरवून, म्हणजे ठिसूळपणा कमी करून, बेतलेलं पातं त्या जागी मऊ पडलं, ते परत पाणी दिल्याशिवाय सुधरत नाही. माझ्या सुरुवातीच्या कितीतरी सुऱ्या अशा गेल्या, ट्रकच्या कमानपाट्याचं चांगलं पोलाद होतं ते. आता ड्राइव्हचं बटण अर्ध्यावर ठेवतो, उघड्या बोटांनी पातं धरतो आणि बोटाला चटका जाणवायच्या आत पाण्याच्या डब्यात बुडवतो. दर फेरीला.

मशीनची तपासणी करताना घाई करू नका. आधी लाईट बंद ठेवून चाकं हाताने हलवा, पुढे-मागे आणि वर-खाली. खडखड आली तर बेअरिंग किंवा शाफ्ट, आणि शाफ्टच झिजला असेल तर खर्च वाढतो. मग एक पेन्सिल टेकूवर घट्ट धरून तिचं टोक चाकाला जेमतेम लागेल असं ठेवा आणि चाक हळूहळू फिरवा. सगळीकडे सारखी रेघ उमटली तर चाक गोल आहे, एकाच बाजूला उमटली तर ते उचलतं, म्हणजे वाकडं फिरतं. पट्टा सरळ ठेवणारं वरचं चाक मधे किंचित फुगीर असावं लागतं. त्यावर स्टीलची पट्टी आडवी ठेवा, दोन्ही कडांशी बारीक उजेड दिसला पाहिजे. फुगीरपणा झिजला असेल तर पट्टा सारखा बाहेर पळतो.

रबर लावलेलं चाक असेल तर तिथे जास्त वेळ द्या. नख रुतवून पाहा. थोडं दबलं तर ठीक. दगडासारखं लागलं किंवा कुठे टवका उडालेला असला तर प्रत्येक फेऱ्याला पात्यावर एक ठोका बसतो आणि उतारावर आडव्या लाटा उठतात. त्या लाटा ४०० नंबरच्या पट्ट्यानेही जात नाहीत, उलट चमक आली की आणखी दिसतात. पट्ट्यामागची सपाट लोखंडी पाटी मधे खोलगट झालेली असतेच, जुन्या मशीनची ती खूणच आहे. त्यासाठी सौदा मोडू नका, ६ मिलीमीटरची पट्टी कापून नवी बसवता येते.

नंतर मशीन चालू करा. कामाच्या बाजूला पट्टा वरून खाली यायला हवा. उलटा फिरत असेल तर थ्री फेजमध्ये दोन वायरी अदलाबदल केल्या की सरळ होतो. अर्धा तास चालू द्या, मालक कंटाळला तरी चालू द्या. मोटरवर हात ठेवता आला पाहिजे. मग बंद करा आणि कान द्या. चालू असताना मोटरच्या घरघरीत बेअरिंगचा आवाज दबून जातो. चाक थांबत येताना तो उघडा पडतो. सूं करून थांबलं तर बरं, वाळू दळल्यासारखा आवाज आला तर बेअरिंग बदलायचं आहे असं धरून भाव करा. बदलताना रबर सीलचं बेअरिंग टाका, कारण लोखंडाचा बारीक कीस सगळीकडे शिरतो. याच कारणाने मोटर बंद अंगाची हवी, मागून पंख्याने थंड होणारी. जाळीतून आतलं तांबं दिसत असेल तर ती मोटर या कामाची नाही.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाही, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. मशीन कुठे ठेवणार? आपल्याकडे एकाच शेडमध्ये कापूस, कुटार, तुरीच्या काड्या आणि फवारणीचं सामान असतं. ग्राइंडरच्या ठिणग्या दोन-तीन मीटर उडतात आणि कापसात पडलेली ठिणगी आतल्या आत धुमसत राहते. वेगळी जागा नसेल तर मशीन आत्ता घेऊ नका, आधी चार टिनांचा आडोसा उभा करा. धावडा किंवा शिसमाची मूठ घासलीत की खाली पडलेला भुसा झाडून काढा, मगच लोखंड घासा. उन्हाळ्यात तोंडाला दुपट्टा बांधायची आपली सवय आहे. मशीनपुढे उभं राहताना तो सोडून ठेवा, त्याचं एक टोक पट्ट्यात गेलं तर मान ओढली जाते. त्याऐवजी चांगला मास्क आणि चष्मा वापरा. हातमोजेही नकोत.

पुढे विकायचा विचार असेल तर घरकामाच्या आणि शेतीच्या वस्तूच बनवा: सुरी, सत्तूर, पावशी, विळा. शस्त्र कायद्यात ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याचा विषय येतो, आणि त्यातून सूट घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय आणि औद्योगिक कामाच्या हत्यारांना आहे. शोभेचे खंजीर वगैरे मागणारे भेटतील, त्यांना नाही म्हणा.

भावाचं म्हणाल तर ड्राइव्ह, बेअरिंग, वाहतूक आणि पहिले १० पट्टे हा सगळा खर्च त्या २४ हजारांवर धरून बेरीज करा. ती बेरीज नव्या मशीनच्या निम्म्याच्या वर जात असेल तर मी सोडून देईन. फ्रेम सरळ असेल, माप १८३० च्या जवळ असेल आणि सहा टोकं निघाली, तर २० हजारांपासून बोलायला सुरुवात करा.

आधी त्या मालकाकडून नेमप्लेटचा आणि टर्मिनल बॉक्स उघडून आतला असे दोन फोटो मागवा आणि इथेच टाका. ते पाहून मोटरचं काय करायचं ते सांगतो, मग भंडाऱ्याची गाडी पकडा.