खाडीच्या नावाने दावा लावता येईल का?

प्रश्न : आमच्या खाडीत (मालवण तालुका) एका जमीनमालकाने तिवरं तोडून भराव टाकलाय. गणपती गेल्यावर काम सुरू झालं, आता शिमगा तोंडावर आलाय. ग्रामपंचायत म्हणते, सातबारा त्याचा, आम्ही काय करणार? माझ्या सासूबाई तिथेच कालवं काढतात. गंगेला कोर्टाने व्यक्तीचा दर्जा दिला असं वाचलं. तसा खाडीच्याच नावाने दावा लावता येईल का?

उत्तर : ताई, खाडीचं नंतर बघू, आधी तारीख सांगा. पहिला डंपर कधी रिकामा झाला? राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे (पर्यावरणाच्या वादांचं कोर्ट, तुमच्यासाठी पुणे खंडपीठ) त्याच्या कायद्याच्या कलम १४ खाली अर्ज करायला वाद पहिल्यांदा उद्भवल्यापासून सहाच महिने मिळतात. सबळ कारण दाखवलंत तर आणखी ६० दिवस, त्यापुढे एकही नाही. ‘काम अजून चालूच आहे’ यावर विसंबू नका, समोरचा वकील पहिलं बोट मुदतीवरच ठेवेल. भराव काढून जागा पूर्ववत करून मागायला कलम १५ आहे, तिथे पाच वर्षांची मुदत मिळते. अर्जात दोन्ही कलमं घाला.

आता गंगा. मार्च २०१७ मध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयाने गंगा-यमुनेला व्यक्ती ठरवलं आणि पालक म्हणून मुख्य सचिवांसारखे अधिकारी नेमले. पुरात कुणाचं नुकसान झालं तर भरपाई पालकांनी द्यायची का, असं विचारत राज्य सरकारच सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि जुलैमध्ये स्थगिती आली. गावच्या रवळनाथ देवालाही कायदा व्यक्ती मानतो, पण कोर्टाची पायरी त्याच्या वतीने माणसांनाच चढावी लागते. खाडीचा पालक म्हणून उद्या एखादा अधिकारीच नेमला, तर तुमच्या हाती काय उरलं? मला ही कल्पना आवडते, पण तुमच्या अर्जात ती नको. समोरच्याला वाद घालायला आयता विषय मिळेल.

अर्जदार म्हणून सासूबाईंचं नाव घाला, सोबत कालवं काढणाऱ्या आणखी दोघीतिघींची. ज्यांचं पोट त्या खाजणावर आहे त्यांना ‘तुमचा संबंध काय’ असं कोण विचारणार?

सातबाऱ्याचं उत्तर मुंबई उच्च न्यायालयाने १७ सप्टेंबर २०१८ च्या निकालात दिलंय : जमीन खाजगी असो वा सरकारी, कांदळवन (म्हणजे तिवरांचं जंगल) तोडता येत नाही, त्याभोवतीचा ५० मीटरचा पट्टाही मोकळा ठेवायचा. ग्रामपंचायतीला याची प्रत द्या.

या आठवड्यातच तहसीलदार, जिल्हाधिकारी आणि वनखात्याचा कांदळवन कक्ष यांना लेखी तक्रार द्या आणि प्रत्येक ठिकाणी आवक शिक्क्याची पोच घ्या. फोटो ओहोटीला काढा, म्हणजे लाल मातीखाली गाडलेली तिवरांची श्वासमुळं दिसतील. मोबाईलचं लोकेशन चालू ठेवा. उपग्रहाच्या जुन्या चित्रांवर तारीख असते, भरावाआधीचं एक काढून ठेवा.

मात्र तक्रारीच्या उत्तराची वाट बघत बसू नका, त्यातच मुदत जाते. नुकसानभरपाई मागितली नाही तर अर्जाची फी १००० रुपये आहे.