इंदूरच्या गच्चीवरून हवामान उपग्रहाचं चित्र पकडायला एलएनए घ्यावाच लागतो का?

नाही. एलएनए, म्हणजे अँटेनाकडून आलेला क्षीण सिग्नल वाढवणारा ॲम्प्लिफायर, निदान १३७ मेगाहर्ट्झसाठी लागत नाही, आणि अँटेना जोडल्यावर स्क्रीनवरचा नॉइज फ्लोअर, म्हणजे मागच्या खरखरीची पातळी, किती चढतो हे मोजल्याशिवाय तर मुळीच घेऊ नका.

तुम्ही लिहिलंय की आरटीएल-एसडीआर डोंगल (लॅपटॉपला लावायचा यूएसबी रेडिओ रिसीव्हर) घेऊन महिना झाला, १३७.१ वर नोआ-१९ या अमेरिकी हवामान उपग्रहाची टिकटिक ऐकायला रोज बसता आणि खरखरीपलीकडे काही येत नाही. ज्याला विचारावं तो म्हणतो, 'एलएनए लावा, नाहीतर वस्तीबाहेर जा.' पण टिकटिक आता येणारच नाही. नोआ-१८ हा ६ जून २०२५ ला बंद झाला, नोआ-१९ हा १३ ऑगस्टला आणि १९९८ पासून चालत आलेला नोआ-१५ हा १९ ऑगस्टला. जुने व्हिडिओ तसेच फिरताहेत, म्हणून नवीन माणसं अजून त्या फ्रिक्वेन्सीवर ताटकळत बसतात. तुम्हाला सल्ला देणाऱ्यांपैकी एकानेही हे सांगितलं नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

आता १३७ वर रशियाचे हवामान उपग्रह मेटिऑर-एम एन२-३ आणि एन२-४ पकडा. सिग्नल डिजिटल आहे, एलआरपीटी नावाच्या पद्धतीचा, सेकंदाला ७२ हजार सिम्बॉल. बहुतेक वेळा १३७.९ वर असतो, कधी १३७.१ वर. सुरुवातीला डोंगल १३७.५ वर ठेवून सॅम्पल रेट २.४ दशलक्ष करा, म्हणजे दोन्ही जागा एकाच वॉटरफॉलमध्ये (स्क्रीनवरच्या फ्रिक्वेन्सीच्या सरकत्या आलेखात) दिसतात. बारीक रेघ शोधू नका. साधारण १२० किलोहर्ट्झ रुंदीचा उंचवटा वर येतो. तो कानाला नुसत्या खरखरीसारखाच लागतो, त्यामुळे स्पीकर बंद ठेवला तरी चालेल. डॉप्लर, म्हणजे उपग्रहाच्या वेगामुळे फ्रिक्वेन्सीचं सरकणं, जास्तीत जास्त तीनेक किलोहर्ट्झचं; ते सॅटडंप हे चित्र उलगडणारं सॉफ्टवेअर स्वतः सांभाळतं. एन२-३ चा सिग्नल अशक्त आहे, कारण त्याचा अँटेना नीट उघडलाच नाही. सुरुवात एन२-४ पासून करा.

व्ही-डायपोल हा साधा अँटेना कसा असतो ते तुम्हाला माहीत असणार: ५३.४ सेंटिमीटरच्या दोन सळ्या, मध्ये १२० अंश, आडवा, टोक उत्तर-दक्षिण. सियागंजात ॲल्युमिनियमची सळी मिळते, महारानी रोडला स्क्रूची कनेक्टर पट्टी. चुका होतात त्या पुढे. केबल बारीक आरजी-१७४ नको, डिश टीव्हीवाले वापरतात ती आरजी-६ घ्या. १५ मीटरला आरजी-१७४ साडेचार-पाच डीबी (डेसिबल) सिग्नल खाते, आरजी-६ एक डीबीच्या आसपास. '७५ ओहमची केबल ५० ओहमला कशी चालेल' असं कुणी म्हणालं तर सांगा की त्या जुळणीत जेमतेम ०.२ डीबी जातात. स्वस्त आरजी-६ ची जाळी ॲल्युमिनियमची असते, तिला कथील धरत नाही. वरवर चिकटल्यासारखं दिसतं आणि पहिल्या वाऱ्यात सुटतं. जाळी पिळून स्क्रूखाली दाबा आणि पावसाळ्याआधी सांधा सील करा.

दुसरी चूक उंचीची. 'अँटेना जितका उंच तितका चांगला' हे इथे लागू नाही. पत्र्यावर किंवा सळईच्या स्लॅबवर डायपोल १.१ मीटर, म्हणजे अर्धी तरंगलांबी उंच ठेवलात, तर खालून परतलेली लाट डोक्यावरून येणाऱ्या लाटेला मारते. उपग्रह ऐन माथ्यावर असताना सिग्नल पडतो आणि माणूस केबल तपासत बसतो. अर्ध्या मीटरवर ठेवा.

आता एलएनए. राजेंद्रनगरातल्या दुमजली घराच्या गच्चीवर एन२-४ चा एक पास (उपग्रहाची आकाशातली एक फेरी) घेतला होता, अंधार पडल्यावरचा. उपग्रह १२ अंशांवर होता तेव्हाच सॅटडंपमध्ये चार ठिपके वेगळे झाले, व्हिटर्बी आणि डिफ्रेमर हे दोन्ही निर्देशक हिरवे, म्हणजे सिग्नल नीट उलगडत होता. खंभातच्या आखाताचा काठ इन्फ्रारेडमध्ये स्वच्छ उतरला. मग उपग्रह ४० अंशांवर, म्हणजे आणखी जवळ आलेला असताना, ठिपके फुगून एकमेकांत मिसळले आणि चित्रात काळे पट्टे सुरू झाले. एलआरपीटीत हे असंच होतं. नोआचं चित्र हळूहळू मुंग्यांनी भरायचं; इथे त्रुटी सुधारण्याची क्षमता संपली की ओळच्या ओळ जाते. ते चित्र पाहून एका जाणत्या हौशी मित्राने लगेच निकाल दिला: सिग्नल कमी पडतो, एलएनए लावा, आणि इंदूरच्या वस्तीतून हे व्हायचं नाही, रालामंडलच्या टेकडीवर जा.

पण लांबून, क्षितिजालगत आलेला सिग्नल पुरतो आणि जवळचा पुरत नाही, हे कसं? पासचं बेसबँड रेकॉर्डिंग, म्हणजे डोंगलकडून आलेला कच्चा सिग्नल, साठवलेलं होतं, ते परत चालवून फक्त वॉटरफॉल बघितला. मेटिऑरचा उंचवटा आपल्या जागी, आपल्या उंचीवर होता. वर आला होता नॉइज फ्लोअर, एका क्षणात आठ डीबी, आणि त्यात सारख्या अंतरावर धूसर पट्टे, हळूहळू सरकणारे. निसर्गातला नॉइज असा पायरीसारखा चढत नाही. कुणीतरी काहीतरी चालू केलं होतं. आई वाळत घातलेले कपडे काढायला वर आली होती आणि तिने जिन्याच्या खोलीतला एलईडी दिवा लावला होता, अँटेनापासून चार मीटरवर. दुसऱ्या दिवशी तोच दिवा दहा वेळा चालू-बंद करून पाहिला, दर वेळी तेच. त्याच्या ड्रायव्हरमध्ये, म्हणजे आतल्या वीज पुरवणाऱ्या सर्किटमध्ये, नॉइज अडवणारा फिल्टरच नव्हता. दिवा बदलल्यावर त्याच गच्चीवरून, त्याच अँटेनाने, एलएनए न लावता पुढचे पास क्षितिजापासून क्षितिजापर्यंत आले. एलएनए लावला असता तर सिग्नलबरोबर तो नॉइजही तितकाच वाढला असता आणि चित्र होतं तसंच राहिलं असतं.

म्हणून खरेदीआधी ही चाचणी करा. गेन, म्हणजे डोंगलमधली सिग्नलवाढ, ३० च्या आसपास ठेवा, ऑटो गेन बंद. अँटेना काढून नॉइज फ्लोअर किती डीबीवर आहे ते लिहून घ्या, मग जोडा. पाच-सहा डीबी किंवा जास्त चढला, तर डोंगलचा स्वतःचा नॉइज बाहेरच्या नॉइजखाली दबलेला आहे आणि एलएनए तुम्हाला काही देणार नाही. एक डीबीसुद्धा हलला नाही, तर आधी केबलचे सांधे बघा, मग गेन वाढवा. अँटेना जोडताच सगळीकडे खोटे सिग्नल उगवले तर डोंगल ओव्हरलोड होतोय: खाली ८८ ते १०८ वर एफएम, आणि ११८ ते १३७ वर विमानांचा पट्टा अगदी खेटून. तिथे गेन कमी करायचा किंवा एफएम अडवणारा फिल्टर लावायचा. मग घरातली एकेक वस्तू बंद करा, लॅपटॉपचा चार्जर सगळ्यात आधी. पासच्या वेळी लॅपटॉप बॅटरीवरच चालवा.

बेसबँड रेकॉर्डिंग नेहमी ठेवा. १.०२४ दशलक्ष सॅम्पल रेटने, ८ बिटमध्ये, १२ मिनिटांच्या पासला दीडेक जीबी लागतं. डोंगल मुळातच ८ बिटचा आहे, त्यामुळे ३२ बिटमध्ये साठवून चौपट जागा घालवण्यात अर्थ नाही. हे रेकॉर्डिंग नसतं तर त्या दिव्याचा पत्ता लागला नसता आणि 'इंदुरातून होत नाही' हे सगळ्यांनी खरं मानलं असतं. होतं. गच्चीवरून होतं.

एलएनएला नाही म्हटलं ते १३७ पुरतं, आणि केबल १५-२० मीटरच्या आत असेल तर. पुढे कोरियाच्या जीके-२ए या हवामान उपग्रहाचं संपूर्ण गोलार्धाचं चित्र घ्यावंसं वाटलं, तर ते १६९२.१४ मेगाहर्ट्झवर येतं. तिथे बाहेरचा नॉइज कमी, केबलचा तोटा जास्त आणि डोंगलचा स्वतःचा नॉइज आडवा येतो. तिथे फिल्टरसकट एलएनए हवाच, आणि तो डिशच्या फीडलाच (डिशसमोरच्या अँटेनालाच) लावायचा, खाली डोंगलपाशी नाही. इंदूरहून तो उपग्रह पूर्वेकडे किंचित दक्षिणेला, १०७ अंशांच्या दिशेला, क्षितिजापासून २६ अंश वर आहे. डिश आणण्याआधी त्या बाजूला शेजारची पाण्याची टाकी आड येत नाही ना, तेवढं बघून घ्या.