इयरफोन घेताय? आधी टिप्स बघा

दोन-तीन हजारांत उत्तम इयरफोन येतो, काळजी नको. ड्रायव्हर (आतले छोटे स्पीकर) किती, याच्या मागे लागू नका. नीट ट्यून केलेला एकच डायनॅमिक ड्रायव्हर पाच ड्रायव्हरवाल्याला मागे टाकू शकतो. खोक्यावरचं '४० किलोहर्ट्झपर्यंत' तर सोडूनच द्या, माणसाला २०च्या पुढे ऐकूच येत नाही.

खरी गोम टिप्समध्ये, म्हणजे कानात जाणाऱ्या मऊ टोप्यांमध्ये आहे. कानात फट राहिली की बेस गळतो, तबल्यातला डग्गा नुसता टपटप वाजतो. सोबतच्या सगळ्या मापांच्या टिप्स लावून पाहा; दोन्ही कानांना वेगळं माप लागलं तर नवल नाही. कान किंचित वर-मागे ओढून आत बसवा. बोलताना आपलाच आवाज डोक्यात घुमला, की बसला समजा. दुकानात जाताना स्वतःची पाठ असलेली गाणी न्या, तिथलं डेमो गाणं कशावरही छानच वाजतं!

छोट्या प्लेअरला १६ ते ३२ ओहमचा इयरफोन (ओहम म्हणजे विजेला होणाऱ्या अडथळ्याचं माप) सहसा ठीक. फारच सेन्सिटिव्ह, म्हणजे थोड्या पॉवरवरही मोठ्याने वाजणारा घेतलात तर आलापाच्या मधल्या शांततेत बारीक सूं ऐकू येईल. वायर मात्र निघणारीच घ्या, ०.७८ मिमी टू-पिनची, म्हणजे इयरफोनमध्ये दोन बारीक पिनांनी बसणारी. आधी मरते ती वायरच, तीही जॅकपाशी.