आधी नक्षीचं नाव, मग किंमत

अमेरिकेतल्या ओहायोच्या जुन्या बाजारातून मिळालेल्या पिवळसर बशीचा फोटो पाठवून तुम्ही तिची किंमत विचारलीत, छान. पण ‘डिप्रेशन ग्लास’ (१९३० च्या आसपासच्या अमेरिकन महामंदीतली स्वस्त, रंगीत काचेची भांडी) म्हणून विकणाऱ्याने सांगितलेल्या किमतीवर जाऊ नका. आधी नक्षी ओळखा. ही काच साच्यात दाबून बनवलेली, प्रत्येक कारखान्याच्या नक्षीला स्वतःचं नाव. तुमच्या फोटोतली मला ‘माद्रिद’ वाटते. ओहायोतल्याच कोलंबस शहरातल्या फेडरल ग्लास या कारखान्याने ती १९३२ ते १९३९ या काळात काढली.

इथेच नवखे फसतात. १९७६ मध्ये फेडरलने हीच नक्षी ‘रेकलेक्शन’ नावाने पुन्हा काढली, पुढे साचे इंडियाना ग्लास या दुसऱ्या कारखान्याकडे गेले आणि इतर रंगांतही माल आला. १९७६ च्या पिवळसर तुकड्यांच्या नक्षीत ‘७६’ हा आकडा दडलेला असतो. बशी उजेडात तिरकी धरा, भिंग घ्या, घाई नको.

काही हिरव्या काचेवर अल्ट्राव्हायोलेट टॉर्च मारली की तिच्यात मिसळलेल्या युरेनियममुळे ती झळाळते. मन हरखतं, पण हा जुनेपणाचा पुरावा नाही. अशी काच आजही बनते.

मग कडेवरून बोट हळू फिरवा. डोळ्याला न दिसलेला टवका बोटाला लागतो. डिशवॉशरने आलेला धुरकटपणा बहुधा जात नाही, त्यामुळे तसा नग मी घेतच नाही. सुरीचे ओरखडे थोडे चालतील, त्या बशीत कुणीतरी जेवलंय.

किंमत पाहताना मागितलेली नको, प्रत्यक्ष विकली गेलेली बघा. पिवळसर माद्रिद मुबलक आहे. जुनी निळी दिसली, तर मात्र मला लगेच फोटो पाठवा.